घाटमाथ्यावर पाणी वाटलं जातं तिथं

सासरी असलेल्या लेकीला पंचमीसाठी आणायला माहेरचा जो माणूस जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. मुराळी म्हणजे भाऊ, नाहीतर भाचा, तेही नसेल तर चुलत्याचा पोरगा. एकूण पुरुषमाणूस. गेल्या श्रावणात मात्र मुराळी होऊन मी गेले. साठी उलटलेली बाई, एक गुडघा कायम रुसलेला, आणि पिशवीत इमरतीचा पुडा.

नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का यांची थोरली बहीण. लग्न होऊन कन्नडचा घाट उतरून गेली ती कायमची खानदेशची झाली. चाळीसगावच्या पलीकडे, पाटणादेवीच्या वाटेवर तिचं गाव आहे. हे चिकलठाण्याच्या कारखान्यात होते, तिथून निवृत्त झाले, पण एकही पंचमी त्यांनी चुकवली नाही. सुट्टी मिळो न मिळो, साहेब रागावो, हे घाट उतरायचे आणि आक्काला घेऊन यायचे.

हे चैत्रात गेले. सकाळी चहा मागितला आणि मी कप घेऊन आले तोवर संपलं होतं. त्याच आठवड्यात आक्काचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. तिचा मुलगा प्रवीण फोनवर रडत म्हणाला, "मामी, आईला सांगू नका. डॉक्टर म्हणतात, धक्का बसायला नको." तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं, मी हो म्हणाले. आक्काला सांगितलं की यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय.

पण आक्का दर रविवारी भावाला फोन करायची. तिला बरं वाटायला लागलं तसा फोन आला. "बाळूच्या कानाला लाव," म्हणाली. "त्याला म्हनावं बोलू नगं, नुसतं ऐक." मी काय करणार? यांच्या खुर्चीवर फोन ठेवून समोर बसले. आक्का बोलत राहिली. म्हैस व्याली, विहिरीचं पाणी आटलं, यंदाही कपाशीच लावणार, सुनेनं नवं कपाट घेतलं. शेवटी म्हणाली, "ऐकलंस ना रं?" मी नखानं फोनवर दोनदा टकटक केलं. तेव्हापासून दर रविवारी हेच चाललं. मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून तिचं सगळं ऐकायची आणि शेवटी टकटक करायची.

श्रावण लागला आणि एका रविवारी ती म्हणाली, "बाळू, यंदा तुला घाट झेपायचा नाय. सुमनला पाठव न्यायला. पर यंदा मला माहेरी यायचंच हाय. पाठवशील ना?"

सवयीनं माझं नख दोनदा वाजलं. मग मी खुर्चीवरच्या फोनकडं बघतच राहिले.

प्रवीण म्हणाला, "आता तुम्हीच सांगा मामी. तुमच्याकडे दवाखाना जवळ आहे. घरी नेऊन, हळूच, तुमच्या पद्धतीनं. आमच्या तोंडून निघत नाही." म्हणजे हा प्रवास कशासाठी होता ते नीट सांगते. नागपूजेसाठी नव्हता. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय त्या घरात सण नसतोच, कढई चढत नाही. एका म्हातारीला तिचा भाऊ गेल्याचं सांगायचं, आणि ते ऐकून तिला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्यावर येऊन पडलं होतं.

घाट उतरताना

गाडी रफिकभाईंची. यांच्या कारखान्याची माणसं ने-आण करणारी जीप पूर्वी तेच चालवायचे. आता स्वतःची टॅक्सी आहे. त्यांना मी सगळं आधीच सांगून ठेवलं. "भाभी, फिकर नक्को. मैं मुँह को कुलूप लगा के रखतूँ," म्हणाले.

दौलताबादच्या जुन्या दरवाजात नेहमीसारखं एका वेळी एकच वाहन शिरत होतं. दोन्हीकडचे ड्रायव्हर एकमेकांना शहाणपण शिकवत होते. श्रावणातलं खुलताबाद पहिल्यांदा बघणाऱ्याला ओळखू येत नाही. उन्हाळ्यात करपलेले ते डोंगर इतके हिरवे होतात की कुणी पांघरूण बदललंय असं वाटावं. तिथला छोटा घाट चढल्यावर मी रफिकभाईंना गाडी थांबवायला सांगितली. पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं, काळी पोत काढली. चैत्रानंतर मी आरशात कपाळ नीट बघितलंच नव्हतं. रफिकभाई खाली उतरून चाक बघतोय असं करत पाठमोरे उभे राहिले. टिकली दोनदा वाकडी बसली. तिसऱ्यांदा मी ती तशीच राहू दिली.

वेरूळला लेण्यांच्या वरून पडणाऱ्या पाण्यासमोर पोरापोरींची ही गर्दी. सगळ्यांची पाठ धबधब्याकडे आणि तोंड मोबाईलकडे. यांच्यासोबत येताना मी त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची. या वेळी कुणाला नावं ठेवायलाही शेजारी माणूस नव्हतं.

कन्नड सोडलं की थोड्या अंतरावर घाटमाथा येतो. ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या बाजूनं डोंगर चढतोय असं वाटतच नाही. शेतं, बाभळी, मक्याची रानं, रस्ता आपला सपाट चाललेला असतो. आणि एकाएकी जमीन संपते. पायाखाली कडा, आणि खाली धुक्यातून दिसणारा अख्खा खानदेश. एका हाताला गौताळ्याचं अभयारण्य. जोराचा पाऊस झाला की त्या सगळ्या कड्यावरून पाणी कोसळत असतं, मोठ्या धारा, बारक्या धारा, काही तर वाऱ्यानं अर्ध्यातूनच उडून जातात. पण हे सगळे धबधबे त्यांच्या बाजूचे. आपल्या बाजूला पडलेला पाऊस ओहोळांतून मुकाट्यानं चालत शिवनेला जातो, शिवना गोदावरीला मिळते. कड्यावरून उडी मारलेलं पाणी तितूरला, तिथून गिरणेला, मग तापीला. दोन हातांच्या अंतरावर पडलेल्या पावसाची अशी कायमची ताटातूट होते.

हे मला यांनी सांगितलेलं. यांची तिथं थांबायची एक जागा ठरलेली होती. रस्त्याच्या कडेला एक वाकडं सालईचं झाड आहे, तिथून दहा पावलांवर एक धबधबा कड्यावरून सुटतो. आक्काला घेऊन येताना हे तिथं गाडी थांबवायचे. बाटलीतलं अर्धं पाणी कड्याच्या बाजूला ओतायचे आणि अर्धं रस्त्याच्या अलीकडे. "आक्का, हे तुझ्या सासरला आन हे आपल्या माहेराला." आक्का दरवर्षी ओरडायची, "पानी नासतूस कशाला?" आणि दरवर्षी विचारायची, "दोन्ही फुडं कुठंतरी भेटत असतील की." हे म्हणायचे, "कशाची भेटत्यात? एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या." यावर आक्काचं ठरलेलं उत्तर, "मग तुजं शिक्षण काय कामाचं?"

जाताना मी त्या झाडाकडे बघितलंच नाही.

आक्काचं गाव

दारात प्रवीणची बायको कविता उभी होती. "या मामी, बठा ना," म्हणाली आणि माझ्या कपाळाकडे बघून तिनं मान खाली घातली. आक्का ओसरीवर. इतकी वाळलेली की लुगड्यात बाई आहे की नाही असं वाटावं. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मग म्हणाली, "आलीस. लई बेस केलंस."

मी इमरतीचा पुडा दिला. दरवर्षी हे न्यायचे तो. आक्का असा पुडा हातात आला की दोरासुद्धा सोडायची नाही, दातानं तोडायची. या वेळी तिनं तो देवापुढं ठेवला. "डाक्टरनं गोड बंद केलंय," म्हणाली.

जेवायला कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि शेवभाजी. भाजीचा रंग बघूनच मला ठसका लागला. आमच्याकडे तिखट म्हणजे जिभेला कळेल इतकं. खानदेशात ते कानाला कळतं. आणि आग्रह असा की ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतील. पंचमीला आमच्याकडे पुरणाची दिंडं उकडतात, तवा ठेवत नाहीत. कविता म्हणाली, यांच्याकडे मांडे करतात, खापरावर, चादरीएवढे. मग एकदम उठून पाणी आणायला गेली. या घरातही यंदा मांडे होणार नव्हते, आणि त्याचं कारण तिला आक्कासमोर बोलता येत नव्हतं.

मला एका गोष्टीचं नवल वाटत होतं. मी वाटेत किती उत्तरं घोकली होती. हे पातळच जेवतात. हे पाटीवर लिहून बोलतात. हे तुमची आठवण काढतात. पण आक्कानं भावाबद्दल मला एक अक्षर विचारलं नाही. मी मनात म्हणाले, देवच पावला. इतकी मठ्ठ मी आयुष्यात कधी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "चंडिकेला जाऊ. निघायच्या आधी तिला सांगून येते." पाटणादेवीचं ते देऊळ अगदी डोंगराच्या पोटात आहे. तिन्ही बाजूंनी कडे, आणि त्या कड्यांवरून आदल्या रात्रीचा पाऊस अजून उतरत होता. दूरवर धवलतीर्थाची धार दिसत होती. नावासारखीच पांढरी. खालून बघताना धबधब्याचा आवाज उशिरा येतो, आधी पाणी पडताना दिसतं. आम्ही दोघी ओढ्याच्या काठावर दगडावर बसलो. पाणी गढूळ आणि घाईत होतं.

आक्का वर बघत म्हणाली, "लगीन होऊन आले तवा ह्या कड्याकडं बघून रडायची मी. म्हनायची, ह्याच्या वर माजं माहेर हाय. तिथला पाऊस हितं पडतोय. मंग रडू कमी व्हायचं."

इथंच सांगावं असं वाटलं. देऊळ समोर आहे, पाण्याचा आवाज आहे, आपला हुंदका कुणाला ऐकू जाणार नाही. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आक्का, गोळी घेतली का सकाळची?"

"घेतली," आक्का म्हणाली.

येताना रफिकभाईंनी घोळ घातला. चहाच्या टपरीपाशी गाडी लावत सहज म्हणाले, "साब थे तब इधरीच चाय पीते थे." म्हणाले आणि जीभ चावली. आरशातून मी आक्काकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, म्हातारीला कानानं कमी येतंय.

झाडापाशी

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. प्रवीणनं आक्काची गोळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली आणि माझा हात सोडेना. आक्कानं नुसतं "येते" म्हटलं. गाडीत बसताना तिच्या मांडीवर एक फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

घाटात बारीक पाऊस. प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कठड्यावरून पाणी उड्या मारत होतं. गाडी वर वर चाललेली आणि मी वाक्य जुळवत होते. आक्का, एक सांगायचंय. आक्का, मन घट्ट करा. आक्का, ते ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. कुठलंच वाक्य मला शेवटपर्यंत म्हणवत नव्हतं.

वाकडं सालईचं झाड आलं. "थांबव रं भाऊ," आक्का म्हणाली.

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आम्ही उतरलो. आक्का माझा हात धरून कड्यापर्यंत आली. तिथून धबधबा सुटताना दिसतो. काठावर एक क्षण पाणी काचेसारखं वाकतं आणि मग दिसेनासं होतं. खाली नुसता धूर. आक्काचं गाव त्या धुराखाली कुठंतरी.

"बाटली आन," ती म्हणाली.

मी गाडीतून बाटली आणली. तिनं अर्धी कड्याच्या बाजूला ओतली. "हे सासरला." मग वळली, रस्ता ओलांडून माहेरच्या बाजूला गेली. तिथं गवतातून एक ओहोळ चालला होता, टाचही बुडणार नाही इतका. आक्का जपून खाली बसली, उजवा हात पुढं केला आणि मला म्हणाली, "ओत थोडं."

मी तिच्या तळव्यावर पाणी ओतलं. तिनं ते बोटांवरून सोडलं नाही. हात आडवा करून अंगठ्याच्या बाजूनं सोडलं. गेलेल्या माणसाला देतात तसं. एकदा, दोनदा, तीनदा.

बाटली माझ्या हातातून पडली.

"पयल्या रविवारीच कळलं मला," आक्का म्हणाली. ओहोळाकडेच बघत होती.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगतंय? सुमन, बाळू मला इतका येळ बोलू देईल व्हय? घशाला टाके असूं दे, नाय तर नरडं कापलेलं असूं दे, मधी तोंड घातल्याबिगर ऱ्हायचा नाय. मी मुद्दाम म्हनलं, औंदाबी आमी कपाशीच लावनार. त्याला ठावं होतं, आमी कपाशी सोडून मका लावायचं ठरीवलंय. तरी तो गप. मंग मी वळखलं."

मला ती कपाशी आठवली. मी तेव्हाही दोनदा टकटक केलं होतं.

"मग इतके दिवस का बोलत राहिलात? मी तिकडं... आक्का, मी खुर्चीवर फोन ठेवायची हो."

"पोरं घाबरली व्हती. आईला धक्का बसंल, आईला धक्का बसंल. त्यांच्या मनासारखं व्हऊं दे म्हनलं." धबधब्याचा आवाज रस्त्यापलीकडून येत होता. "आन तू ऐकत व्हतीस की. रविवारचं तुला घर खायला उठत आसंल. मला तरी दुसरं कोन होतं त्याच्याशी बोलायला? तू तोंडानं सांगितलं असतंस तर तेबी संपलं असतं."

मग मी रडले. यांच्या तेराव्यालाही रडले नव्हते इतकी, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर. लोक काय म्हणतील याचं मला आयुष्यभर फार असतं. त्या दिवशी नव्हतं. रफिकभाई गाडीआड तोंड करून उभे होते. मी त्या म्हातारीला सांभाळायला निघाले होते, आणि तीच माझं डोकं मांडीवर घेऊन ओल्या गवतात बसली होती. मला वाटलं होतं, हे ऐकून तिचं काळीज बंद पडेल. ते काळीज त्या पहिल्या रविवारपासून माझ्यासाठी चालू होतं.

पावसानं माझी टिकली सुटली होती. आक्कानं कपाळाला हात लावला तेव्हा मला वाटलं, आता काढेल. तिनं ती अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली. "वल्या कपाळावर ऱ्हात नाय ती," म्हणाली. "असू दे. घरापोतर तरी असू दे."

उठताना तिनं ओहोळात बोट बुडवलं आणि म्हणाली, "पैठनला जातं ना हे?"

"हो, आक्का. शिवनेतून गोदागंगेला."

"मंग बरं," ती म्हणाली.

घरी

घरी आल्यावर आक्का सरळ यांच्या फोटोपुढं जाऊन बसली. फडकं सोडलं. आत इमरतीचा तोच पुडा, दोरासुद्धा न तोडलेला. "माझ्यासाठी आनायचा ना दरवर्सी," ती फोटोला म्हणाली, "औंदा मी आनली." आणि मग ती मोठ्यानं ओरडून रडली, बहिणीनं भावासाठी रडावं तशी. इतक्या महिन्यांत तिला ते रडायला जागाच नव्हती. म्हणून तिला यंदा माहेरी यायचंच होतं. मी दार लावून घेतलं आणि तिला रडू दिलं.

पंचमी झाली. कढई नाही, दिंडं नाहीत. शेजारच्या सावित्रीबाईंनी लाह्या आणून दिल्या, त्या आम्ही दोघींनी दुधात घालून खाल्ल्या. आक्का आठवडाभर राहिली आणि प्रवीण येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. "आता पोळा झाला की भादव्यात मी आले का नाय बघ," म्हणाली, पण आम्हा दोघींना माहीत होतं, तिला घाट आता झेपणार नाही.

पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. मी खुर्चीसमोर बसले होते. का बसले होते, मलाही सांगता येणार नाही.

"सुमन," आक्का म्हणाली, "आता कानाला बाळूच्या नगं लावूस. तुज्याच लाव. मक्याला कनसं आलीत. म्हैस लंगडतीय. कविताला दिवस गेलेत, आजून कुनाला सांगू नगंस." असं ती बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "बोल आता तू. कशी हायेस?"

मला बोलायचं होतं. घरात किती शांत आहे ते सांगायचं होतं, त्या ओहोळाचं पाणी एव्हाना पैठणला पोचलं असेल ते सांगायचं होतं. त्याऐवजी मी फोन कानापासून काढला आणि नखानं त्यावर दोनदा टकटक केलं.

"ऐकलं गं," आक्का म्हणाली.